जगबुडी टळली, नोटीस राहिली

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे काका ६१ वर्षांचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. २०१२ मध्ये मायन कॅलेंडरवरून जग बुडणार हे त्यांनी मानलं. कोरोनाच्या वेळी 'हीच सुरुवात' म्हणाले. आता ओडिशातल्या कुठल्याशा जुन्या पोथीच्या नावानं फिरणारे व्हिडिओ बघून पुढची तारीख सांगतात. दर वेळी तोंडघशी पडतात, पण विश्वास कमी होण्याऐवजी वाढतोच. शिकलेला माणूस असं का करतो? आणि आम्ही घरच्यांनी काय करायचं?"

यातला 'तोंडघशी' हा शब्द आधी बाजूला ठेवू. काका तोंडघशी पडले असं तुम्हाला दिसतं. त्यांना तसं वाटत असतं तर दुसऱ्या तारखेच्या वाटेला ते गेलेच नसते. बाहेरून जी फजिती दिसते ती आतून कशी असते, हे मला एका पेशंटनं शिकवलं. पुस्तकं नंतर वाचली.

मी साताऱ्यात सत्तावीस वर्षं मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. 'जग बुडणार असं वाटतं' ही तक्रार घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घरात बोलणं बंद आहे, म्हणून येतात. जगबुडीचा विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो. तोही उठून दाराशी गेल्यावर, चप्पल घालता घालता.

शनिवार, २२ डिसेंबर २०१२. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ पत्नीबरोबर आले. मायन कॅलेंडरची तारीख आदल्या दिवशी, शुक्रवारी होऊन गेली होती. बाई सांगत होत्या, "रात्रभर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. पहाटे पाचला दूधवाल्यानं बेल वाजवली आणि हे रडायलाच लागले." मला वाटलं, जीव भांड्यात पडल्याचं रडू असेल. तसं विचारलंही. ते म्हणाले, "जीव कुठला भांड्यात पडतोय, डॉक्टर. आता सोमवारी नोटिशीला उत्तर द्यावं लागणार."

बाईंना नोटीस म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. हळूहळू उलगडलं. मेहुण्याच्या कर्जाला हे एका पतसंस्थेत जामीन राहिले होते. मेहुण्यानं हप्ते थकवले आणि गाव सोडलं. वसुलीच्या नोटिसा जामीनदाराच्या पत्त्यावर यायला लागल्या. पहिली त्यांनी वाचली, पुढच्या तीन न फोडता पासबुकांच्या डब्यात तळाशी ठेवल्या. त्याच सुमाराला टीव्हीवर मायन कॅलेंडर सुरू झालं आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे कित्येक महिन्यांनी त्यांना शांत झोप लागली.

ही झोप मी विसरलेलो नाही. तोवर मी जगबुडीवरच्या विश्वासाकडे भीती म्हणूनच बघत होतो. या माणसानं तिचा रजेसारखा उपयोग केला होता. सगळं जगच बुडणार असेल तर जामीनकीची नोटीस, मुलीचं मोडलेलं लग्न, बायोप्सीचा रिपोर्ट, भावानं दाबलेली जमीन, यातलं काहीच उघडून बघायची गरज उरत नाही. शिवाय बुडायचं ते सगळ्यांनी. ज्यानं फसवलं तोही बुडणार, ज्यानं नोटीस काढली तोही. एकट्याच्या बुडण्यात जी लाज असते ती गावाबरोबर बुडण्यात नसते. तारीख हुकली की डब्यातली नोटीस जशीच्या तशी समोर येते, वर मधल्या महिन्यांचं व्याज. मग माणूस काय करणार? मुदतवाढ मागणार. नवी तारीख ही मुदतवाढ असते.

आणि एक बारीक गोष्ट. दुधाचं डिसेंबर अखेरपर्यंतचं बिल त्यांनी नेहमीप्रमाणे पाच तारखेलाच आगाऊ भरलं होतं. मी ते दाखवलं तेव्हा स्वतःच चमकले. म्हणजे २१ नंतर दूध येणार हे त्यांच्या एका हाताला माहीत होतं. जगबुडी मानणारा माणूस सगळ्या अंगानं मानत नाही. दुखतं तिथं मानतो.

सगळ्यांच्या डब्यात नोटीस असते असं नाही. पण काकांकडे बघताना सुरुवात तिथून करा.

आता 'शिकलेला' या तुमच्या आश्चर्याबद्दल. शिक्षण इथं आडवं येत नाही. उलट गणित येणाऱ्याला या खेळात जास्त रस येतो, कारण तारखेच्या भाकितात आकडेमोड असते आणि ती बहुतेक वेळा चोख असते. मायन लोकांच्या दीर्घ गणनेत १,४४,००० दिवसांचा एक बाक्तुन. असे तेरा म्हणजे १८,७२,००० दिवस, साधारण ५,१२५ वर्षं. इसवी सनापूर्वी ३११४ च्या ऑगस्टपासून मोजत आलात की डिसेंबर २०१२. इंजिनिअर माणूस हा हिशेब कागदावर करून बघतो, तो जुळतो, आणि त्याला वाटतं भाकीत जुळलं. तेरा बाक्तुन भरल्यावर जग संपतं हे मायन लोकांनी म्हटलंय कुठं, हा प्रश्न मागेच राहतो. मेक्सिकोतल्या पालेंके इथल्या शिलालेखात तर त्यांनी थेट इसवी सन ४७७२ मधल्या एका दिवसाची नोंद करून ठेवली आहे.

आपलंच बघा ना. साठ संवत्सरांच्या चक्रातल्या शेवटच्या संवत्सराचं नाव चक्क 'क्षय'. १९८७ च्या गुढीपाडव्याला ते संपलं आणि 'प्रभव' लागलं. कुणी पळापळ केली नाही. श्रीखंड खाल्लं आणि झोपले. परक्या पंचांगाचा धाक जास्त, कारण ते आपण कधी भिंतीवर टांगलेलं नसतं.

हिशेब चोख आणि पाया भुसभुशीत याचा नमुना म्हणजे विल्यम मिलर. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला हा शेतकरी. सरळ, अभ्यासू, पैसे न खाणारा. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकात २३०० दिवसांचा उल्लेख येतो. मिलरनं दिवस म्हणजे वर्ष धरलं, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजलं आणि येशू १८४३ च्या सुमारास परत येणार असं काढलं. मार्च १८४४ पर्यंतची मुदत उलटली. मग सॅम्युएल स्नो या अनुयायानं फेरहिशेब करून २२ ऑक्टोबर १८४४ हा नेमका दिवस दिला. लक्षात घ्या, एकदा चुकल्यावर भाकीत ढिलं झालं नाही, आणखी घट्ट झालं. आणि त्या नेमक्या तारखेनं जेवढी माणसं झपाटली तेवढी आधीच्या मोघम मुदतीनं झपाटली नव्हती.

न्यू हॅम्पशायरमधल्या लेनर्ड हेस्टिंग्ज या शेतकऱ्याची गोष्ट त्या परंपरेत अजून सांगतात. येशू येणारच आहे तर काढणी कशाला, म्हणून त्यानं बटाटे जमिनीतच ठेवले. शेजाऱ्यांनी वेळेवर काढले. त्या वर्षी बटाट्यावर रोग आला आणि शेजाऱ्यांचे काढलेले बटाटे सडले. याचे उशिरा काढलेले ठणठणीत निघाले, भावही चांगला मिळाला. आता या माणसाला तू चुकलास म्हणून कोण पटवणार? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, पण फांदीखाली बटाटे याचे होते.

२२ ऑक्टोबरच्या रात्री वाट बघत बसलेल्यांपैकी हायरम एडसननं पुढं लिहून ठेवलं की आम्ही पहाट फुटेपर्यंत रडत होतो. (वाचताना मला आमचा दूधवाला आठवला.) सकाळी मक्याच्या शेतातून जाताना त्याला एकाएकी उमगलं: दिवस बरोबरच होता, फक्त त्या दिवशी जे घडलं ते पृथ्वीवर न घडता स्वर्गात घडलं. हे तपासायला स्वर्गात कोण जाणार? या प्रवाहातून १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. आज त्याचे दोन कोटींहून जास्त सभासद आहेत. पुण्याच्या औंधमधलं स्पायसर कॉलेज पुणेकरांना माहीत आहे, ते त्यांचंच. हे लोक आता तारखा देत नाहीत, शाळा आणि दवाखाने चालवतात. म्हणजे चुकलेल्या तारखेतून फक्त वेडेपणाच निपजतो असंही नाही. खुद्द मिलर तारीख चुकल्याचं कबूल करून, तरीही वाट बघत, १८४९ मध्ये वारला.

पण या गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. मिलरच्या मागे गेलेल्यांपैकी बहुतेक जण मुकाट घरी गेले. त्यांनी चर्च काढलं नाही, आठवणी लिहिल्या नाहीत, म्हणून आपल्याला ते दिसत नाहीत.

माझ्या क्षेत्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध अभ्यासालाही हेच लागू आहे. शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये डोरोथी मार्टिन नावाच्या गृहिणीला परग्रहावरून निरोप येत. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येणार, आणि आदल्या मध्यरात्री आपल्या गटाला न्यायला यान येणार. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी आपली माणसं अनुयायी म्हणून त्या गटात घुसवली. यानात धातू चालणार नाही म्हणून लोकांनी कपड्यांच्या चेनी आणि हूक कापून काढले. बारा वाजले, यान नाही. पहाटे पावणेपाचच्या सुमारास निरोप आला: या छोट्या गटानं एवढा प्रकाश पसरवला की देवानं जग वाचवलं. मग आजवर पत्रकारांना टाळणाऱ्या या मंडळींनी स्वतःहून वर्तमानपत्रांना फोन लावले. जे मानलं ते आणि जे घडलं ते यांचा मेळ बसेना की मन कासावीस होतं आणि ती कासाविशी मिटवायला माणूस विश्वास आणखी आवळतो, हा सिद्धांत या अभ्यासामुळे जगभर गेला. मीही तो परीक्षेत लिहून पास झालो.

२०२५ मध्ये मात्र फेस्टिंगर यांची जुनी कागदपत्रं चाळून एका संशोधकानं त्या कहाणीवर गंभीर आक्षेप घेतले. गट आधीपासूनच प्रचार करत होता, घुसवलेल्या निरीक्षकांनी घटनांना बराच हातभार लावला होता, आणि नंतर बऱ्याच जणांनी तो विश्वास सोडून दिला. मला याचं नवल वाटलं नाही. दवाखान्यात मी हेच बघतो. तारीख चुकल्यावर बरीच माणसं निसटतात. फक्त 'मी चुकलो' असं म्हणत नाहीत. 'हल्ली त्या ग्रुपवर वेळ मिळत नाही' असं म्हणतात. तेवढ्यावर त्यांना सोडून द्यावं, कबुलीजबाब मागू नये.

मग उरतात ते का उरतात? आपल्याकडे याचं उत्तर द्यायला १९६२ ची अष्टग्रही पुरेशी आहे.

३ ते ५ फेब्रुवारी १९६२. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ जण मकर राशीत जमणार, आणि मोठा उत्पात होणार. यातला केतू म्हणजे चंद्राची आणि सूर्याची वाट जिथं छेदते तो बिंदू, तिथं ग्रह कुठला? पण 'सप्तग्रही' म्हटल्यावर तेवढा दरारा बसला नसता. गंमत अशी की हा मेळावा कुणाला दिसतही नव्हता. अमावस्या होती आणि सगळे सूर्याच्या झगमगाटात बसलेले. तिकडे न्यू गिनीच्या बाजूला खग्रास सूर्यग्रहण होतं, तिथल्यांना दिसले असतील तर फार तर चार मिनिटं. पंतप्रधान नेहरूंनी थट्टा केली, तरी देशभर होमहवन झाले. शेजारच्या ब्रह्मदेशात पंतप्रधान ऊ नू यांनी संकट टळावं म्हणून बैल, बकऱ्या, कोंबड्या, मासे, अगदी खेकडेसुद्धा सोडून दिले.

माझी आजी तेव्हा वाईत होती. कृष्णेच्या घाटावर होम चालले होते, आणि आजोबांनी एका म्हशीचा सौदा ठरवला होता. इसार द्यायचा तेवढा राहिला होता. 'पाच तारीख जाऊ दे, उरलो तर बघू' म्हणून त्यांनी तो थांबवला. सहा तारखेला जग होतं, म्हैस नव्हती. दुसऱ्यानं नेली. अष्टग्रहीनं आमच्या घराचं केलेलं नुकसान एवढंच.

वडिलांनी आजीला विचारलं, "मग काही झालं नाहीच की?" आजी म्हणाली, "एवढे होम केले म्हणून टळलं." त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला. तेव्हा तीच आजी म्हणाली, "बघितलंस? अष्टग्रही भोवली." वडील शिक्षक होते, त्यांनी ही दोन वाक्यं आम्हाला लहानपणी तोंडपाठ करून दिली होती. टळलीही आणि भोवलीही. आजीला यात विसंगती दिसली नाही, कारण मधे साडेआठ महिने गेले होते आणि दोन्ही वाक्यं आपापल्या दिवशी खरी वाटत होती. ऊ नूंची सत्ता तर २ मार्चलाच लष्करानं उलथवली. त्यांचे खेकडे फळले की अष्टग्रही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

भाकीत चुकतं तेव्हा दोन खाती तयार असतात. काही झालं नाही तर 'उपायानं टळलं' या खात्यावर, पुढंमागं काही झालं तर 'उशिरा फळलं' या खात्यावर. 'चुकलं' असं खातंच उघडलेलं नसतं. आपल्याकडे यासाठी एक तयार वाक्य आहे: ज्योतिषी चुकतो, शास्त्र चुकत नाही. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारानं पुण्यात झालेल्या चाचणीत २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन हुशार मूल कुठलं आणि मतिमंद कुठलं ते ओळखायला सांगितलं होतं. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून ५० आली असती. निकाल आल्यावर एकाही ज्योतिष्याकडची रांग कमी झाल्याचं मला तरी दिसलं नाही.

ताजं उदाहरण जपानचं. एका चित्रकथेतल्या स्वप्नावरून ५ जुलै २०२५ ला महासंकट येणार अशी आवई उठली. हाँगकाँगच्या प्रवाशांनी बुकिंग रद्द केली, विमान कंपनीला जपानच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या. पाच जुलै कोरडा गेला. ३० जुलैला रशियाच्या कामचाटकाजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जपानच्या किनाऱ्यावर त्सुनामीचे इशारे वाजले, आणि लगेच सुरू झालं, 'बघा, महिना तर बरोबर होता!' माझ्या आजीला जपानी येत असतं तर तिनं हेच म्हटलं असतं.

हा झाला मनाचा हिशेब. पण काकांच्या बाबतीत मला दुसरी शंका जास्त आहे. निवृत्त माणूस. खात्यात होते तोवर सही लागायची, साइटवर लोक उठून उभे राहायचे. आता दिवसभरात त्यांना काही विचारायला कोण येतं? त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र ते 'सर' असतील. रात्री अकराला कुणीतरी विचारत असेल, 'सर, शनीच्या बदलाचं तुमचं काय मत?' तारीख चुकल्यावर विश्वास सोडायचा म्हणजे हे 'सर' सोडायचं. पुन्हा घरात, 'अहो, येताना कोथिंबीर आणा' एवढ्यावर यायचं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही विचार केला असता.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना स्कायलॅब पडणार होतं. जुलै १९७९. ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा, डोक्यावर कुठंही पडेल म्हणून गावागावांत घबराट. आमच्या गल्लीत एकानं सगळ्या कोंबड्या कापल्या आणि आळीला जेवण घातलं. ११ तारखेला ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखरून पडलं. त्या गृहस्थांना पुढं कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनी ताव मारला होता. त्यांनीही पुन्हा कधी आकाशाकडे बघून काही केलं नाही. त्यांना कुणी डिवचलं असतं तर त्यांनी पुढची तारीख काढली असती अशी माझी खात्री आहे.

आता काय करायचं. पहिल्यांदा धोका बघा, तत्त्वज्ञान नंतर. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का? 'कशाला आता' म्हणून बंद केल्या असतील तर आजच लक्ष घाला. एफडी मोडली का, पीपीएफमधून पैसे काढले का, कुठल्या आश्रमाला मोठी रक्कम गेली का? वस्तू वाटून टाकणं, 'सगळ्यांनी एकदम गेलेलं बरं' असं बोलणं, खाणं सोडणं, यातलं काहीही दिसलं तर वाद न घालता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो. सर्वात जोखमीचा काळ तारखेच्या आधीचा असं लोक समजतात. मला नंतरचाही तेवढाच वाटतो. युगांडातल्या कानुंगूमध्ये एका पंथानं १९९९ च्या अखेरीस जग संपणार असं सांगितलं होतं. संपलं नाही. घरदार विकून आलेले लोक विचारणा करू लागले, नवी तारीख दिली गेली आणि १७ मार्च २००० ला प्रार्थनागृहातल्या आगीत शेकडो माणसं मेली. तुमचे काका एकटे मोबाइल बघतात, त्यांची तिथवर मजल जाणार नाही. पण पैसे मागणारा कुणी 'गुरू' मागे आहे का, एवढं शोधून काढाच.

वाद ग्रहांवरून घालू नका. ते हरणार नाहीत, तुम्ही दमाल. काही लोक सुचवतात की तारखेआधी त्यांच्याकडून लिहून घ्या, 'अमुक दिवशी अमुक झालं नाही तर मी मानणार नाही'. कुंपणावर बसलेल्या माणसाला याचा उपयोग होतो. मुरलेल्या माणसाच्या हातात तो कागद म्हणजे अपमानाची पावती, आणि तुमच्यावर सूड म्हणून तो आणखी चार व्हिडिओ बघणार. तारखेच्या दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर जोक टाकू नका, आणि पुतण्यांनाही दटावून ठेवा. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा, नेहमीसारखे. जेवायला बसा. यान, शनी, पोथी कशाचाच विषय काढू नका. त्यांनी काढला तर ऐका.

'पण जगाला खरोखरचे धोके आहेतच ना?' असं ते म्हणतील, आणि त्यात ते बरोबर आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला नदी आहे, तिचं नावच जगबुडी. पावसाळ्यात 'जगबुडीनं धोक्याची पातळी ओलांडली' ही बातमी ठरलेली. खेडच्या बाजारपेठेतले लोक काय करतात? पाणी वाढायला लागलं की माल वरच्या फळीवर चढवतात, शटर ओढतात, पाणी उतरलं की चिखल उपसतात. तिथं कुणी दुकान वाटून टाकून घाटावर जाऊन बसत नाही. इंजिनिअर काकांना ही भाषा कळेल. सोसायटीच्या आगप्रतिबंधक यंत्रणेची तपासणी कधी झाली, गच्चीवरची टाकी किती जुनी आहे, पावसाचं पाणी तळघरात का शिरतं, हे त्यांना बघायला लावा. मदत मागा, उपकार म्हणून नव्हे. खरंच गळत असेल ते काम द्या. कमिटीतलं कुणीतरी त्यांना 'साहेब, जरा बघता का' म्हणालं तर ग्रुपवरच्या 'सर'ची गरज थोडी कमी होईल.

आमच्या त्या गृहस्थांचं पुढं काय झालं, तेही सांगतो. औषधं चारच महिने दिली. खरं काम एका ओळखीच्या वकिलानं केलं. डब्यातल्या नोटिसा टेबलावर आल्या, बायकोला सगळं कळलं, दोन दिवस घरात चूल पेटली नाही, तिसऱ्या दिवशी पेटली. पतसंस्थेच्या सामोपचार योजनेत व्याज कमी झालं, तिचे दागिने गेले, उरलेलं तीन वर्षांत फिटलं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये निबिरू नावाचा ग्रह २३ तारखेला आदळणार म्हणून टीव्हीवर पुन्हा गलका झाला. त्या आठवड्यात ते पाठदुखीचं विचारायला आले होते. मी मुद्दाम विषय काढला. "हो, वाचलं खरं," म्हणाले, आणि नातीच्या शाळेच्या रिक्षावाल्यानं पैसे वाढवले त्याबद्दल दहा मिनिटं तक्रार करत बसले.

म्हणून काकांना पुढची तारीख विचारू नका. विम्याचा हप्ता कधी आहे ते विचारा, आणि गेल्या वर्षीची पावती बघायला मागा. ती चटकन सापडली नाही तर तिथं थोडा वेळ बसा.